ओट्यावर एकच जागा आहे

कॅनडातल्या दुकानात जाऊन तुम्ही ‘मिक्सर’ मागितलात, तर चटणी वाटायचं यंत्र मिळणार नाही. तिथला माणूस तुम्हाला ज्या फळीपाशी नेईल, तिथे मान पुढे काढून उभी असलेली जड, चकचकीत यंत्रं मांडलेली असतील. खाली स्टीलचं भांडं, वर अंडी फेसायचा पिंजरा किंवा कणीक मळायचा आकडा. त्याचं नाव स्टँड मिक्सर. आपल्या मिक्सरला इथे नेमका शब्दच नाही. जवळचा म्हणजे ब्लेंडर, पण ब्लेंडरमध्ये ओलं खोबरं आणि मिरची पाणी न घालता वाटून बघा, म्हणजे ‘जवळचा’ किती लांबचा आहे ते कळतं. शेजारच्या फळीवर फूड प्रोसेसर. हा शब्द आपल्या ओळखीचा, पण भारतातल्या जाहिरातींत तो मिक्सरच्याच मोटरवर बसणाऱ्या मोठ्या भांड्याला लावलेला असायचा. इथे ते वेगळं यंत्र आहे, स्वतःच्या मोटरसकट.

या दोनपैकी कोणतं घ्यावं, हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी पडला असेल. नसेल पडला तर ‘बॉक्सिंग डे’च्या सवलतीत पडेल. दोन्ही घेता येतात, नाही असं नाही. पण ओट्यावर, वरच्या कपाटाच्या खाली, प्लग हाताशी असलेली जागा बहुतेक घरांत एकच असते. ओटा आणि वरचं कपाट यांत साधारण 18 इंच अंतर असतं. स्टँड मिक्सरची मान मागे कलली की ते पुरेल की नाही, हे दुकानात जायच्या आधी टेप लावून बघावं. आणि खालच्या कपाटात गेलेलं दहा-बारा किलोचं यंत्र पुन्हा वर येत नाही. ते तिथेच राहतं, आपण फक्त अधूनमधून त्याच्या मागची कढई काढतो.

या विषयावर इंग्रजीत जे सल्ले मिळतात, त्यांतला बराचसा भाग आपल्याला लागू नाही. ते लोक पायचं पीठ, कुकी, ब्रेड आणि सॅलड यांचा हिशोब मांडतात. आपल्या घरात तिसरं यंत्र आधीच हजर असतं, आणि त्यामुळे सगळं गणित बदलतं. म्हणून सुरुवात त्या तिसऱ्यापासून करते.

आपला मिक्सर हे भारतीय इंजिनिअरिंगचं अस्सल काम आहे. मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे सत्यप्रकाश माथुर यांच्या घरात जर्मन ब्राउनचा मिक्सर होता. तो भारतीय स्वयंपाकाच्या माऱ्यात जळला, तेव्हा त्यांच्या पत्नी माधुरी यांनी आपल्या कामाला टिकेल असं यंत्र बनवा म्हणून आग्रह धरला. त्यातून 1960च्या दशकात ‘सुमीत’चा उद्योग उभा राहिला. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड, धणे यांच्याशी झुंजायचं म्हणजे मोटर दमदार हवी आणि भांडं स्टीलचं हवं. आपल्या मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. फूड प्रोसेसरचं पातं दीड-दोन हजारांच्या आसपास फिरतं, आणि स्टँड मिक्सरचा आकडा कणीक मळताना शंभराच्या आतबाहेर. तिन्ही यंत्रांच्या स्वभावातला फरक या तीन आकड्यांतच आहे. एक वाटतं, एक चिरतं, एक मळतं.

तुमच्यापैकी ज्यांनी भारतातून 230 व्होल्टचा मिक्सर आणला असेल, त्यांच्या ओट्याखाली विटेएवढा ट्रान्सफॉर्मरही असेल, कारण इथल्या प्लगमध्ये 120 व्होल्टच येतात. हल्ली भारतीय दुकानांत 110 व्होल्टचेच मिक्सर मिळतात. तोच घ्यावा, आणि त्यावर सीएसए किंवा तत्सम प्रमाणपत्राची खूण आहे का, तेवढं बघावं. असा मिक्सर घरात असेल तर वाटणाचा प्रश्न मिटला. ‘फूड प्रोसेसरमध्ये इडलीचं पीठ होतं का?’ असं विचारायचं कारण उरलं नाही. (होतं, पण रवाळ राहतं.) मग उरलं काय? कणीक, चिरणं-किसणं, पुरण आणि फेसणं-घोटणं.

या दोन यंत्रांचं मूळही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या इंजिनिअरने 1908 साली एका बेकऱ्याला लोखंडी चमच्याने पीठ ढवळताना पाहिलं आणि त्याला यंत्राची कल्पना सुचली. पहिली यंत्रं बेकऱ्यांसाठी आणि अमेरिकी नौदलाच्या जहाजांसाठी होती. घरगुती अवतार 1919 साली ‘किचनएड’ या नावाने आला, तेव्हा त्याचं वजन 65 पौंड होतं. फूड प्रोसेसर फ्रान्सचा. हॉटेलांत नि मेजवान्यांत भाज्या चिरण्यात वेळ जातो म्हणून पिएर व्हेर्दों यांनी ‘रोबो-कूप’ काढला, आणि तो पाहून कार्ल सॉन्टहायमर या अमेरिकी इंजिनिअरने 1973 साली ‘क्विझिनार्ट’ बाजारात आणला. थोडक्यात, एकाचा जन्म बेकरीतला आणि दुसऱ्याचा हॉटेलच्या भाजी चिरायच्या टेबलावरचा. आपली पोळी या दोन्ही घरांत पाहुणी आहे.

आता कणीक. मी सॅस्कटूनमध्ये राहते, म्हणून या बाबतीत थोडी फुशारकी मारू द्या. कॅनडाचा बहुतेक ड्युरम गहू आमच्या सॅस्कॅचवन प्रांतात पिकतो. भारतीय दुकानातल्या आट्याच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘ड्युरम’ लिहिलेलं असेल, तर तो गहू कदाचित आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर उभा होता. मसूरही इथलाच. इथल्या विद्यापीठात 1978 साली ‘लेअर्ड’ नावाचं मसुराचं वाण तयार झालं, आणि मग हा प्रांत मसुराचा मोठा निर्यातदार झाला. पण ड्युरम म्हणजे आपला लोकवन किंवा सिहोरी नव्हे. तो कडक, पिवळसर, मुळात शेवया आणि पास्त्याचा गहू. तो पाणी हळूहळू पितो. मळताना कणीक चिकट, सैल वाटते आणि अर्ध्या तासाने तीच घट्ट झालेली असते. त्यात इथला हिवाळा. बाहेर उणे तीस असताना घरातली हवा इतकी कोरडी होते की पिठातलाही ओलावा कमी होतो. जुलैमधलं पाण्याचं माप जानेवारीत चालत नाही.

फूड प्रोसेसरमध्ये कणीक मिनिटभरात होते. पीठ, मीठ, चमचाभर तेल, वरून धार धरून पाणी. आधी भुरभुरीत चुरा दिसतो, मग एकाएकी त्याचा गोळा होऊन तो भांड्यात गरागरा फिरायला लागतो. तिथे लगेच थांबायचं. पात्याच्या घर्षणाने कणीक गरम होते, आणि जास्त फिरवली तर चिवट होऊन पोळी लाटताना आखडते. गोळा काढून तेलाचा हात लावून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवला की ड्युरमही वळणावर येतो. स्टँड मिक्सरला सहा-आठ मिनिटं लागतात. त्याची गती सगळ्यात कमी ठेवावी. पुस्तिकेत दुसऱ्या क्रमांकाच्या वर कणीक मळू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण कणीक सुरेख होते, गार आणि लोण्यासारखी. भांडं उघडं असल्यामुळे यंत्र थांबवून बोट लावून बघता येतं.

अडचण वेगळीच आहे. दोन माणसांच्या पोळ्यांना दीड-दोन वाट्या पीठ लागतं. तेवढं पीठ स्टँड मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी बसतं, आणि आकडा त्याच्यावरून हवेत फिरत राहतो. तीन कपांच्या पुढे त्याला खरा जोर येतो. दोन दिवसांची एकदम मळावी म्हटलं तर फ्रिजमधली कणीक काळपट पडते. हा कोंड्यातल्या एका विकराचा उद्योग. वरून तेल लावून, हवा न राहील असं झाकलं तर थोडा आवरतो. काही घरांत ती चालते, काही घरांत ‘शिळी कणीक’ हे शब्दच चालत नाहीत. तुमचं घर कोणतं, ते तुम्हालाच ठाऊक.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं यंत्र चांगलं’ हा धरू नका. घरात जेवायला किती माणसं आहेत, आणि पाच वर्षांनी किती असतील, इथून सुरुवात करा.

आम्ही हे ठरवत होतो तेव्हा घरात चार माणसं होती. आम्ही दोघं, बारावीतला मुलगा, आणि सुपर व्हिसावर आलेली माझी आई. आई सांगलीची, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कणकेचा डबा कुठे आहे ते विचारलं, आणि पोळ्यांचं खातं आपल्याकडे घेतलं. तुमच्याकडेही असंच झालं असेल. इथे येऊन राहणाऱ्या आईवडलांना गाडी चालवता येत नाही, बर्फात एकटं बाहेर पडता येत नाही, फोनवरच्या माणसाचं इंग्रजी कळत नाही. पोळ्या ही आईची हातातली एकमेव सत्ता होती.

तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज होती. ती सांगत नसे. एकदा पाण्याच्या बाटलीचं झाकण तिने मुलाकडे निमूट सरकवलं, तेव्हा मला कळलं. अंगठ्याच्या सांध्याला सगळ्यात नकोशा हालचाली दोन, दाब देणं आणि पिळणं. कणीक मळताना दोन्ही होतात. मी यंत्र आणते म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘मग मी काय करू?’’ हा प्रश्न तिने सहज विचारला होता. मला मात्र त्यानंतर दोन आठवडे दुकानात जाववलं नाही.

दुखऱ्या हातांच्या माणसासाठी यंत्र घेणार असाल तर एक गोष्ट दुकानात करून बघा, जी कुठल्याही सल्ल्यात सहसा सापडत नाही. फूड प्रोसेसरचं भांडं मोटरवर फिरवून बसवावं लागतं, मग झाकण फिरवून खटका लावावा लागतो. तो नीट बसल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही, आणि ते योग्यच आहे, आत धारदार पातं असतं. पण ही पिळायची हालचाल दुखऱ्या अंगठ्याला नेमकी नको असते. स्टँड मिक्सरची मान नुसती वर करायची असते. भांडं मात्र त्यालाही फिरवूनच बसवायचं. म्हणजे कणीक मळायचा त्रास वाचवायला आणलेलं यंत्र उघडताना-लावताना तोच त्रास देऊ शकतं. स्वतःच्या हाताने दोनदा उघडून, लावून बघा. आईला सोबत न्या.

मी आईला घेऊन गेले. तिने स्टँड मिक्सर पाहिला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘हे आपल्या घराला मोठं आहे.’’ मला वाटलं ती आकाराबद्दल बोलतेय. ती माणसांबद्दल बोलत होती. मुलगा सप्टेंबरमध्ये ओंटारियोला शिकायला जाणार होता, आणि ती स्वतः दिवाळीच्या आधी परत जाणार होती. यंत्र नीट वापरलं तर पंधरा-वीस वर्षं टिकतं. कुटुंब तेवढा काळ त्याच आकाराचं राहत नाही, आपल्या परदेशातल्या कुटुंबांचं तर नाहीच. इथे घर फुगतं ते आईवडील येतात तेव्हा, आणि एका विमानाने ते पुन्हा दोघांचं होतं.

आम्ही फूड प्रोसेसर घेतला. झाकण लावायचं काम नवऱ्याने उचललं, आणि मग हळूहळू सगळीच कणीक त्याच्याकडे गेली. हे मी ठरवून घडवलं नव्हतं. वीस वर्षांत परातीला हात न लावलेल्या माणसाला बटणांच्या यंत्राचं काहीच वाटलं नाही. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची. गोळा झाला की नवरा तो तिच्यासमोर धरायचा, आणि ती दोन बोटांनी दाबून सांगायची, ‘‘अजून चमचाभर पाणी.’’ कणीक कानाच्या पाळीसारखी लागली पाहिजे, हे तिने जावयाला त्याची स्वतःची पाळी चाचपायला लावून शिकवलं. मळण्याचं कष्टाचं काम गेलं होतं, पण कणीक झाली की नाही हे सांगायचा अधिकार तिच्याकडेच राहिला होता. ‘मग मी काय करू’चं उत्तर तिचं तिने शोधलं.

इथे दुसरा प्रश्न येतो. यंत्र कोणतं काम कमी करेल हे आपण बघतो, पण कोणतं काम वाढवेल ते बघत नाही. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी बायकांच्या कामाचे तास का घटले नाहीत, याचा त्यात शोध आहे. यंत्रांनी बरीचशी पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची कामं संपवली, आणि उरलेल्या कामांच्या अपेक्षा वाढवल्या, असं त्यांचं म्हणणं. ते वाचल्यापासून मी यंत्रांकडे वेगळ्या नजरेने बघते. फूड प्रोसेसर जे काम रोज आहेच, ते उरकतो. कोबी, गाजराची कोशिंबीर, दाण्याचं कूट, पावकिलो कांदा, कणीक. स्टँड मिक्सर नवं काम घरात आणतो. तो आला की वाढदिवसाचा केक घरी, शेजाऱ्यांना नाताळच्या कुकी घरी, आणि मंडळाच्या होळीला ‘तुमच्याकडे मशीन आहे ना?’ असा फोन. यात वाईट काही नाही. ज्यांना ते काम हवं आहे त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे आनंद आहे. फक्त ते आनंदाचं यंत्र आहे की सुटकेचं, हे घेताना माहीत असावं.

आणि जिथे स्टँड मिक्सरला तोड नाही, तेही सांगायला हवं. पुरणपोळीची कणीक. सैल, तेलात भिजलेली, तार येईपर्यंत तिंबलेली. हाताने ती करताना खांदे भरून येतात, आणि प्रोसेसरमध्ये ती पात्याखाली शिरून चिकटते. आकड्याने दहा मिनिटांत होते, आणि तीस पोळ्यांची एकदम. यंत्राच्या पुढच्या गोल तोंडाला गाळायचं जोडयंत्र बसतं, त्यातून पुरण गरम असतानाच मऊ होऊन बाहेर येतं. न शिजलेली डाळ मागे राहते, अगदी पुरणयंत्रासारखी. चार किलो दह्याचा चक्का साखरेबरोबर घोटायचा असेल, पन्नास बेसन लाडवांचं मिश्रण हलकं करायचं असेल, तर दुसरं यंत्र नाही. इथलं बाल्कन दही रात्रभर टांगून ठेवा, चक्का छान पडतो.

आमच्या ओळखीच्या पंधरा-वीस मराठी घरांत मिळून एक मोठा स्टँड मिक्सर आहे. तो ज्यांच्या घरी आहे त्यांचं मोठं कुटुंब आहे आणि त्यांना केक आवडतात. तो त्यांच्याच ओट्यावर शोभतो. होळीच्या आदल्या दिवशी मात्र तो हिंडतो. मार्चमध्ये आमच्याकडे रस्त्याच्या कडेला कमरेएवढा बर्फ असतो. चादरीत गुंडाळलेलं ते बारा किलोचं धूड गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं असतं, आणि ते एका घरातून दुसऱ्या घरी जातं. प्रत्येक घर आपापली कणीक तिंबून घेतं, पुढच्या घरी फोन करतं. सांगलीला आमच्या वाड्यात पुरणयंत्र असंच फिरायचं. सणाला लागणारी वस्तू प्रत्येकाच्या घरी असलीच पाहिजे, असं तेव्हा कुणाला वाटत नसे. तुमच्या गावातही असं एखादं घर असेल, विचारून बघा. संकोच वाटला तर रिकाम्या हाताने परत करू नका, भांड्यात चार पोळ्या ठेवा.

तेव्हा तुमच्यासाठी माझा हिशोब असा. घरात दोन-तीन माणसं, रोजच्या पोळ्या, आणि मिक्सर आधीच असेल तर फूड प्रोसेसर घ्या. भांडं अकरा-चौदा कपांचं घ्या, कारण लहान भांड्यात कणीक मोटरला जड जाते. चार-पाच माणसं कायमची असतील, ब्रेड-केक मनापासून करत असाल, किंवा घरात गणपती नि होळीचं मोठं जेवण असेल, तर स्टँड मिक्सर घ्या आणि कोबी विळीवर चिरा. कुणाचे हात दुखत असतील तर त्या हातांना दुकानात न्या. आणि यंत्र घरातल्या कोणी चालवायचं, हे खोकं उघडायच्या आधी बोलून ठेवा.

आता आमच्याकडे दोनच माणसांच्या पोळ्या होतात. दीड वाटी पीठ, मिनिटभर आवाज, मग शांतता. रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना नवरा कणकेचा गोळा कॅमेऱ्यासमोर धरतो. सांगलीहून बोट लावता येत नाही, म्हणून ती त्याला अंगठा दाबून दाखवायला लावते, आणि खळगा किती वेळात भरून येतो ते बघते. बहुतेक वेळा पाणी कमीच असतं.